ओव्हरक्लॉक केलेल्या प्रोसेसरसाठी हवेचा मोठा कूलर घ्यावा की लिक्विड कूलर?

साचा_उद्यमनगर यांचा प्रश्न:

नमस्कार. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नचे डिझाइन आणि कास्टिंगचे सिम्युलेशन करून देतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांकडून ड्रॉइंग येते. त्यावर गेटिंग (धातू साच्यात नेणाऱ्या वाटा) आणि रायझर (गोठताना आकसणाऱ्या भागाला जादा धातू पुरवणारा साठा) बसवून, ओतलेला धातू साच्यात कसा भरेल, कोणता भाग शेवटी गोठेल आणि कुठे पोकळी राहण्याची शक्यता आहे, हे संगणकावर पाहून मी अहवाल देतो. एका कामाचे गणित दीड ते तीन तास सलग चालते आणि त्या सगळ्या वेळात प्रोसेसर पूर्ण भाराखाली असतो.

प्रोसेसर इंटेल कोअर आय५-१३६००के आहे. त्याचे सहा वेगवान कोअर (गणित करणारे भाग) मूळच्या ५.१ गिगाहर्ट्झवरून ५.४ वर नेले आहेत, म्हणजे ओव्हरक्लॉक केले आहेत, आणि त्यासाठी व्होल्टेज १.२२ वरून १.३२ पर्यंत वाढवावे लागले. भाराखाली तो २०५ वॅट घेताना दिसतो. त्यावर चार हीट पाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या) आणि १२० मिलिमीटरचा एकच पंखा असलेला साधा कूलर आहे. सकाळी खोलीत २८ अंश असताना तापमान ९६ पर्यंत जाऊन थांबते, म्हणून मी निश्चिंत होतो. पण माझी खोली वर्कशॉपच्या पोटमाळ्यावर, पत्र्याखाली आहे, आणि एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता तिथे ३७ अंश होतात. तेव्हा तापमान १०० ला टेकते, प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो, आणि आकडा ५.४ आणि ४.७ यांच्यामध्ये सतत खालीवर होत राहतो. खाली ग्राइंडिंग चालते, त्यामुळे धूळही भरपूर आहे.

राजारामपुरीतल्या दुकानदाराने दोन पर्याय सुचवले आहेत. एक म्हणजे दोन मनोरे (धातूच्या पातळ पत्र्यांच्या उभ्या चळती) आणि सहा हीट पाइप असलेला हवेचा कूलर, जो साडेचार हजारांच्या आसपास बसतो, आणि दुसरा ३६० मिलिमीटर रेडिएटरचा लिक्विड कूलर, ज्यात पंप द्रव फिरवून उष्णता रेडिएटरकडे नेतो आणि ज्याला साडेनऊ हजार लागतील. पैशांचा फरक मोठा आहे, तरी काम नीट होणार असेल तर खर्च करण्याची तयारी आहे. मला भीती दोन गोष्टींची वाटते. पाणी गळून मदरबोर्ड गेला तर काय करायचे, आणि एवढा खर्च करूनही दुपारचा प्रश्न तसाच राहिला तर काय करायचे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

औष्णिकी यांचे उत्तर:

मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना उष्णता-स्थानांतर शिकवते, त्यामुळे कूलरच्या नावाआधी आपण दिलेल्या आकड्यांकडे पाहते. ते आकडे चांगले आहेत आणि बरेच काही सांगतात.

सकाळी खोली २८ आणि प्रोसेसर ९६, म्हणजे फरक ६८ अंशांचा. हवेचा असो वा लिक्विड, कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. दिलेल्या वॅटला तो खोलीच्या वर किती अंश राखतो, एवढेच त्याच्या हातात असते, आणि पंख्यांचा वेग तोच असेल तर हा फरक सकाळी आणि दुपारी जवळजवळ सारखाच राहतो. ३७ मध्ये ६८ मिळवले की १०५ होतात. आपल्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची असल्यामुळे उरलेले पाच अंश तो वेग कमी करून भरून काढतो. दुपारी कूलर बिघडत नाही. तो सकाळीही काठावरच होता.

आता २०५ वॅटकडे येऊ. या प्रोसेसरसाठी इंटेलने जास्तीत जास्त टर्बो शक्ती (पूर्ण वेगात घ्यायची कमाल वीज) १८१ वॅट सांगितली आहे, म्हणजे आपण तिच्याही पुढे गेलेले आहात. चिपमधली उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि ओव्हरक्लॉकिंगची किंमत या दुसऱ्या भागात दडलेली असते. ५.१ वरून ५.४ म्हणजे वेग सहा टक्के वाढला. १.२२ वरून १.३२ व्होल्ट म्हणजे व्होल्टेज आठ टक्के वाढले, आणि त्याचा वर्ग घेतला की सतरा टक्के. दोन्हींचा गुणाकार केला तर सहा टक्के वेगासाठी सुमारे चोवीस टक्के जादा उष्णता आपण पत्करली आहे. शिवाय चिप जितकी तापते तितकी तिच्यातील विजेची गळतीही वाढते, म्हणून ९५ अंशांवरची चिप ७५ अंशांवरच्या चिपपेक्षा तेच काम करताना थोडे अधिक वॅट घेते.

लिक्विड कूलरबद्दल एक गैरसमज वारंवार दिसतो, तो म्हणजे पाणी थंड करते. पाणी केवळ उष्णता वाहून नेते, आणि ते काम ते उत्तम करते, कारण तेवढ्याच वजनाच्या हवेच्या चौपट उष्णता ते सामावून घेते. पण शेवटी ती उष्णता रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमधून हवेलाच द्यावी लागते. दुसरीकडे, हवेचा म्हणून जो कूलर ओळखला जातो त्याच्या हीट पाइपमध्येही पाणीच असते. तांब्याच्या बंद नळीतील हवा काढून थोडे पाणी भरलेले असते. आतला दाब कमी असल्यामुळे ते प्रोसेसरजवळ शंभर अंशांच्या बरेच आधी उकळते, वाफ होऊन नळीच्या वरच्या टोकाला जाते, तिथे पंख्याच्या हवेने पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून केशाकर्षणाने खाली परतते. पंप नाही, वीज नाही, आणि नळी फुटल्याशिवाय ही व्यवस्था बंद पडत नाही. मला हा अतिशय सुंदर शोध वाटतो. तिची मर्यादा हवेला मिळणाऱ्या पृष्ठभागात आहे, कारण मनोरा प्रोसेसरच्या डोक्यावरच उभा करावा लागतो, तर रेडिएटर कॅबिनेटच्या भिंतीवर हवा तेवढा पसरता येतो.

याखेरीज एक अडथळा दोन्ही कूलरांना सारखाच आहे. ही सगळी उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनमधून बाहेर पडते आणि ती प्रोसेसरच्या धातूच्या झाकणातून आणि त्यावर लावलेल्या उष्णतावाहक पेस्टच्या थरातून गेल्यावरच कूलरपर्यंत पोहोचते. त्या मार्गात जे अंश खर्च होतात ते महागड्या रेडिएटरनेही परत मिळत नाहीत. म्हणूनच कूलरची क्षमता दुप्पट केली तरी तापमानातला फरक निम्मा होत नाही. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने इथली हवा समुद्रसपाटीपेक्षा पाच-सहा टक्के विरळ आहे, आणि तिचाही एखाद-दोन अंशांचा वाटा असतो. तो दोन्ही पर्यायांना लागू असल्यामुळे निवडीत तो धरू नये.

काही खरेदी करण्याआधी आपण तीन मोजण्या कराव्यात अशी माझी विनंती आहे. कॅबिनेटची बाजूची काच काढून तेच काम चालवावे. तापमान पाच अंशांहून अधिक उतरले तर अडचण कॅबिनेटमध्ये आहे आणि कूलर बदलून ती सुटणार नाही. नंतर ५.२ गिगाहर्ट्झ आणि १.२२ व्होल्टवर काम चालते का ते पाहावे. माझ्या हिशेबाने वेग पावणेचार टक्के कमी होईल आणि उष्णता अठरा टक्के, म्हणजे २०५ चे १६९ वॅट होतील. आणि प्रत्येक वेळी तापमानाबरोबर कामाला लागलेली मिनिटेही लिहून ठेवावीत. कास्टिंगच्या गणितात प्रोसेसर बराच वेळ मेमरीची वाट पाहत असतो, त्यामुळे गिगाहर्ट्झ वाढले तेवढ्या प्रमाणात वेळ कमी होईलच असे नाही.

राजारामपुरी_बेंच यांचे उत्तर:

मॅडमनी शास्त्र सांगितले आहे, मी दुरुस्तीच्या टेबलावरून दिसते ते सांगतो. वीस वर्षांपासून संगणक दुरुस्त करतो आहे आणि औद्योगिक वसाहतीतली बरीच यंत्रे माझ्याकडे येतात.

आपल्या बाबतीत पाण्याच्या गळतीपेक्षा धुळीला अधिक घाबरावे असे माझे स्पष्ट मत आहे. मागच्या वर्षी एका मशीन शॉपमधला संगणक आला होता. रेडिएटर समोरच्या बाजूला बसवलेला होता. पंखे काढले तेव्हा त्याच्या पत्र्या दिसतच नव्हत्या, त्यांच्यावर नमद्यासारखा जाड करडा थर बसला होता आणि तो बोटाने ओढल्यावर सलग सुटून आला. त्याच्याजवळ चुंबक धरला तर अर्धा थर उभा राहून चुंबकाला चिकटला. ती ग्राइंडिंगची लोखंडी भुकटी होती. रेडिएटरच्या पत्र्यांमधली फट फार बारीक असते, एक-दोन मिलिमीटरची, आणि अशी भुकटी तिथे अडकली की ब्लोअरनेही सहज निघत नाही. पत्र्या नाजूक असल्यामुळे ब्रश जोरात फिरवता येत नाही. मनोऱ्याच्या कूलरच्या पत्र्या त्यामानाने मोकळ्या असतात. पंखा दोन क्लिपांनी निघतो, ब्लोअर मारला की पाच मिनिटांत काम होते, आणि ते आपण स्वतः दर महिन्याला करू शकता. तीच लोखंडी भुकटी मदरबोर्डवर बसून पावसाळ्याच्या ओलाव्यात शॉर्ट करू शकते, म्हणून कॅबिनेटला पुढून जाळीचा फिल्टर असलाच पाहिजे, कूलर कोणताही घ्या.

दुसरा मुद्दा बिघडण्याच्या रीतीचा आहे. हवेच्या कूलरचा पंखा बंद पडला तर मनोरा थोडीफार उष्णता सोडत राहतो, हलके काम चालते, आणि पंखा बाजारात कुठेही मिळतो. लिक्विड कूलरचा पंप बंद पडला की काही सेकंदांत तापमान १००, आणि तो पंप सुटा मिळत नाही, पूर्ण कूलरच बदलावा लागतो. नळ्यांमधून द्रव वर्षानुवर्षे अतिशय सावकाश झिरपून कमी होतो, आत हवा साठते आणि पंप गुरगुरू लागतो. पाच-सहा वर्षांनी तो बदलण्याचा खर्च धरूनच चालावे. वॉरंटीत कूलर बदलून मिळतो, पण तो येईपर्यंत आपले यंत्र बंद राहते. पाणी गळून मदरबोर्ड गेल्याची प्रकरणे माझ्याकडे फारच थोडी आली आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

हवेचा मोठा कूलर घेताना मात्र कॅबिनेटची रुंदी मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. हे दुहेरी मनोरे १५५ ते १६५ मिलिमीटर उंच असतात, आणि काच बसत नाही म्हणून परत आलेले गिऱ्हाईक मी पाहिले आहे. मेमरीच्या पट्ट्या उंच असतील तर पुढचा पंखा वर सरकवावा लागतो आणि उंची आणखी वाढते. वजनही लक्षात घ्या, नॉक्टुआचा एनएच-डी१५ दोन्ही पंख्यांसकट १३२० ग्रॅम भरतो. जागेवर ठेवलेल्या यंत्रात त्याचा त्रास नाही, पण ने-आण करताना आहे. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी चढू लागले तेव्हा शाहूपुरीतल्या एका गिऱ्हाइकाने घाईघाईत संगणक स्कूटरवर उभा ठेवून नेला. पाण्यापासून तो वाचला, पण खड्ड्यांत बसलेल्या हिसक्यांनी कूलरच्या बाजूने मदरबोर्ड वाकला होता. हलवायचे झाले तर कॅबिनेट आडवे करून, मदरबोर्ड खाली आणि मनोरा वर राहील असे न्यावे.

शाहूपुरी_एडिट यांचे उत्तर:

दोन्ही उत्तरे पटली, तरी लिक्विड कूलरची बाजू कोणीतरी मांडली पाहिजे. मी लग्नाच्या आणि जाहिरातींच्या चित्रफिती संपादित करतो, माझ्याकडे कोअर आय९-१३९००के आहे आणि त्याला इंटेलने ठरवलेली २५३ वॅटची मर्यादा घालून मी तो चालवतो. आधी त्यावर उत्तम प्रतीचा दुहेरी मनोरा होता. काम व्हायचे, पण पंखे पूर्ण वेगाने फिरायचे, आणि त्याच खोलीत मी निवेदन ध्वनिमुद्रित करतो. ३६० चा रेडिएटर छताला बसवल्यावर तापमानात सात-आठ अंशांचा फरक पडला, पण माझ्या दृष्टीने खरा लाभ आवाजाचा झाला. मोठ्या पृष्ठभागामुळे तीन पंखे संथ फिरूनही काम भागते, आणि छोटी चित्रफीत निर्यात होईपर्यंत द्रव पुरता तापतही नसल्यामुळे पंखे वर चढत नाहीत. शिवाय गरम हवा प्रोसेसरजवळ न घुटमळता थेट कॅबिनेटबाहेर जाते.

मात्र प्रश्नकर्त्यांनी एक लक्षात घ्यावे. द्रव सावकाश तापतो हा गुण दहा मिनिटांच्या कामात उपयोगी पडतो, अडीच तासांच्या कामात नाही. पाच मिनिटांची चाचणी घेऊन लिक्विड कूलरचे कौतुक करणारी मंडळी भरपूर भेटतात. आपण चाचणी घ्याल तेव्हा किमान अर्धा-पाऊण तास घ्यावी आणि शेवटच्या दहा मिनिटांचा आकडा खरा मानावा.

लिक्विड घ्यायचे ठरलेच, तर रेडिएटर छताला लावावा. पुढे लावायचा असेल तर त्याचे वरचे टोक पंपाच्या वर राहील याची काळजी घ्यावी. आतली हवा नेहमी सर्वांत उंच जागी जमते. ती रेडिएटरमध्ये जमली तर बिघडत नाही, पंपात जमली तर पंप कोरडा फिरून खराब होतो. माझा पहिला लिक्विड कूलर चार वर्षांत गेला, आणि तो मी चुकीच्या पद्धतीने, रेडिएटर तळाशी ठेवून बसवला होता. २५० वॅटच्या आसपास सतत काम असेल तर मी आजही लिक्विडच सुचवीन. १७०-१८० वॅटसाठी, आणि तेही ग्राइंडिंगच्या धुळीत, मी स्वतः घेतला नसता.

साचा_उद्यमनगर यांचे प्रत्युत्तर:

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे दोन दिवस एकच काम पुन्हा पुन्हा चालवून मोजले. काम एका पंप-हाउसिंगच्या कास्टिंगचे आहे आणि सर्व वेळा दुपारच्या आहेत, खोलीत ३६ ते ३७ अंश असतानाच्या.

५.४ वर, म्हणजे तापून वेग खालीवर होत असताना, कामाला २ तास ३१ मिनिटे लागली. मूळच्या ५.१ वर २ तास २४ मिनिटे लागली. हा आकडा पाहून मी बराच वेळ स्तब्ध बसलो, कारण गेले वर्षभर मी जादा वीज जाळून दुपारची कामे उशिरा देत होतो. ५.२ आणि १.२२ व्होल्टवर २ तास २१ मिनिटे लागली, शक्ती १७२ वॅट आणि तापमान ९३ अंश. त्यानंतर काच काढून ५.२ वर तेच काम चालवले तेव्हा तापमान ८५ वर आले. म्हणजे आठ अंश कॅबिनेटच अडवून धरत होते. त्याच्या पुढच्या बाजूला पूर्ण काच आहे आणि हवा फक्त कडेच्या बोटभर फटीतून आत येते.

आता माझा प्रश्न असा की कूलर बदलावाच का, की केवळ कॅबिनेट बदलून थांबावे?

औष्णिकी यांचे उत्तर:

आधी जाळीच्या पुढच्या बाजूचे कॅबिनेट घ्यावे, कारण कूलर कोणताही असला तरी तो कॅबिनेटमधलीच हवा वापरतो. ते घेताना १६५ मिलिमीटरचा मनोरा मावेल असे निवडावे. कूलरही बदलावा असे मला वाटते, कारण मे महिन्यात आपल्या पत्र्याखाली ४० अंश झाले तर आजचे आकडे पुन्हा काठावर येतील. १७२ वॅटला दुहेरी मनोरा पुरेसा आहे.

आणखी एक गोष्ट मला तापमानापेक्षाही महत्त्वाची वाटते. ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर काठावर असला तर तो दर वेळी बंद पडून सूचना देतोच असे नाही. कधीकधी तो गणितात चूक करून पुढे जातो. चित्रफितीत त्याने एखादी फ्रेम खराब होईल, पण आपल्या अहवालावरून फाउंड्रीत रायझर कापला जातो आणि शेकडो किलो धातू ओतला जातो. ५.२ कायम ठेवायचे असेल, तर एकच काम दोनदा चालवून दोन्ही उत्तरे शेवटच्या अंकापर्यंत जुळतात का ते पाहावे, आणि मूळच्या ५.१ वरील उत्तराशीही ताडून पाहावे. काही प्रणाली एकाच वेळी अनेक कोअर वापरताना बेरजेचा क्रम बदलतात आणि त्यामुळे शेवटच्या अंकांत अतिसूक्ष्म फरक येऊ शकतो. तो चालेल, पण गोठण्याच्या वेळेत किंवा पोकळीच्या जागेत फरक दिसला तर ओव्हरक्लॉक काढून टाकावे.

राजारामपुरी_बेंच यांचे उत्तर:

मॅडमच्या मुद्द्याला जोडून सांगतो. आपला प्रोसेसर इंटेलच्या तेराव्या पिढीचा आहे. तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील ६५ वॅट आणि त्यावरील डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळाल्याने कालांतराने अस्थिर होऊ शकतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले, त्यावर मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ही दुरुस्ती बायोसमधून, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमधून येते, त्यामुळे तो आधी अद्ययावत करा, आणि १.३२ व्होल्टकडे पुन्हा जाऊ नका.

कूलर बसवताना जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसा, मधोमध वाटाण्याएवढी नवी लावा, आणि स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. या सॉकेटच्या (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेच्या) खटक्याच्या दाबाने प्रोसेसरचे झाकण मधोमध किंचित वाकते, म्हणून काहीजण त्याजागी सपाट चौकट बसवतात आणि त्याने काही अंश उतरतातही. पण त्यासाठी सॉकेटला हात लावावा लागतो आणि वॉरंटीचा प्रश्न येतो. आपल्याला त्याची गरज पडेल असे वाटत नाही.

साचा_उद्यमनगर यांचे प्रत्युत्तर:

तीन आठवड्यांनी कळवत आहे. जाळीचे कॅबिनेट आणि सहा हीट पाइपचा दुहेरी मनोरा घेतला. दोन्ही मिळून लिक्विड कूलरच्या किमतीपेक्षा दोनशे रुपये कमी लागले. बायोस अद्ययावत केला आहे. काल दुपारी खोलीत ३८ अंश होते. ५.२ वर अडीच तासांच्या कामाच्या शेवटी तापमान ८३ होते, आणि पूर्ण वेळ वेग एकदाही खाली आला नाही. तेच काम रात्री पुन्हा चालवले. ५.१ वरच्या उत्तराशी गोठण्याची वेळ आणि पोकळीची जागा दोन्ही जुळतात.

पुढची जाळी पंधरा दिवसांनी काढून टेबलावर आपटली, तेव्हा चमचाभर काळी भुकटी पडली आणि चुंबकाला चिकटली. आता दर दुसऱ्या शनिवारी खालच्या कॉम्प्रेसरला हवेतले पाणी अडवणारा फिल्टर लावून, दाब कमी करून, पंखा हाताने धरून जाळी आणि मनोरा दोन्ही साफ करतो.